खिडकीपासून अकरा फुटांवर

भोकात उभे एकोणीस धागे तुटलेले होते, आडवे तेवीस. ही पहिली मोजणी. रफूबाईंनी सुईचं टोक पुन्हा भोकाच्या डाव्या कडेला टेकवलं आणि एकेक धागा ओलांडत उजवीकडे नेलं. या खेपेला उभे एकवीस भरले. तिसऱ्या खेपेला अठरा.

भोक तेच होतं. काळ्या लोकरी कोटाच्या बाहीवर कुणाच्या तरी सिगारेटने पाडलेलं, वाटाण्याएवढं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, म्हणजे कामाची सगळ्यात चांगली वेळ. एका भोकाचे तीन आकडे निघाले तर त्यातले निदान दोन खोटे, हे काही त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी सुई सुयांच्या गादीला टोचली, कात्री फलालीनच्या तुकड्यावर अलगद ठेवली आणि हात मांडीत घेऊन बसून राहिल्या.

कात्री फलालीनवर ठेवायची ती आवाज होऊ नये म्हणून. आतल्या खोलीत सून झोपलेली होती. ती इस्पितळात नर्स. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. सकाळी आठला यायची आणि पडद्यामागे आडवी व्हायची. पडदाच, कारण दोन खोल्यांच्या मधे दार बसवलं असतं तर ते आत उघडताना पलंगाला अडलं असतं आणि बाहेर उघडताना रफूबाईंच्या गुडघ्याला.

सगळं घर मिळून दोनशे ऐंशी चौरस फूट. हा आकडा नातीने काढलेला. ती कॉलेजात विज्ञान शिकत होती आणि हाताला लागेल ते मोजायची तिला खोड होती, म्हणून रफूबाई तिला ‘मोजणीदार’ म्हणत. मोजणीदार अभ्यास करायची जिन्याच्या वळणावर, घडीच्या स्टुलावर बसून. वरून कुणी उतरलं की उठून भिंतीला चिकटायची, माणूस गेला की परत बसायची. परीक्षेच्या एका आठवड्यात तिने तेही मोजलं होतं : दिवसाला सरासरी बेचाळीस वेळा.

रफूबाई हे नाव गल्लीने दिलेलं. बाहेरच्या खोलीतल्या एकुलत्या एक खिडकीशी बसून त्या एकेचाळीस वर्षं फाटलेले, जळलेले, कसरीने खाल्लेले कपडे पूर्ववत करत होत्या. हे शिवणं नव्हे, विणणं. कोटाच्या आतल्या शिवणीच्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, धागे काढायचे आणि सुईने भोकावर मूळचीच वीण घालायची : दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, पुढच्या ओळीत एक धागा सरकून. नीट जमलं तर भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडत नाही. बसताना डावं कोपर खिडकीच्या लाकडी फळीवर टेकवायची त्यांची सवय. तिथे फळी झिजून उथळ खळगा पडला होता आणि कोपर त्यात मापाने बसायचं.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो बस आगारात वेळापत्रकं आखणारा कारकून. पाण्याचा पेला हातात घेऊन तो म्हणाला, “आई, ते घरवाले रविवारपर्यंत थांबतो म्हणतायत. काय सांगू?”

विचारतानाच त्याचा सूर नकार ऐकायच्या तयारीचा होता. दोन वर्षं तो हेच विचारत होता. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ, पाच खोल्यांचं घर. पुढेमागे मोकळी जागा आणि प्रत्येक खोलीला दार. पण हे विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं, आणि हे होतं रफूबाईंच्या नावावर. त्यांचं उत्तर ठरलेलं : “माझं गिऱ्हाईक या गल्लीत, माझा उजेड या खिडकीत. मी गेल्यावर खुशाल जा कुठे जायचं ते.”

आज त्या म्हणाल्या, “घेऊन टाक.”

पेला मुलाच्या ओठांपाशीच थांबला. “काय?”

“घर. घेऊन टाक म्हटलं. तुला ऐकू यायचंही बंद झालं का आता?”

सून पाळीला निघायच्या गडबडीत होती. केस बांधता बांधता तिने वळून पाहिलं. “आई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“नाही म्हटलं तर हट्टी, हो म्हटलं तर आजारी. माणसानं बोलावं तरी काय या घरात?”

मुलगा हसला, सून हसली. मोजणीदार हसली नाही. ‘ऐकू यायचंही बंद झालं का’ मधल्या त्या ‘यायचंही’वर तिचं मन अडकलं होतं. दुसरं काय बंद झालं होतं?

ते रफूबाईंनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी गडद निळ्या कोटाचा एक खांदा रफू केला आणि कोट स्वतःच लाँड्रीत पोचवायला निघाल्या. चौकातल्या उन्हात सहज त्यांची नजर खांद्यावर गेली. विणीची तिरकी रेघ वरून सरळ उतरत येत होती आणि रफूच्या मधोमध, एका ओळीत, एका धाग्याने चुकली होती. रेघेचा पाय मुरगळल्यासारखा. लाँड्रीवाल्याने कोट हातात घेऊन उलटापालटा केला, “वा बाई, जादू आहे जादू,” म्हणाला आणि हँगरला लावला. त्या तशाच घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं, खूश होऊन गेलं. ती चूक जगात एका माणसाला माहीत होती.

चष्मा त्याआधीच बदलून झाला होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी “वयाच्या मानानं नजर उत्तम आहे,” म्हटलं होतं. डॉक्टर कोट रफू करत नाहीत, त्यांना काय कळणार, असं रफूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. खिडकीतला उजेड वापरता येत नसेल तर त्या खिडकीसाठी तीन माणसांना अडवून ठेवायचा हक्क उरत नाही. म्हणून ‘घेऊन टाक’.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून झोपली, मुलगा कामाला गेला, आणि मोजणीदार स्टूल घेऊन जिन्यावर जाण्याऐवजी खिडकीशी येऊन बसली.

“आजी, खरं सांग. हो का म्हणालीस?” ती कुजबुजली.

“तुला नको का स्वतःची खोली?”

“हवी की. पण तू दोन वर्षं नाही म्हणत होतीस तेव्हाही मला ती हवीच होती.”

 रफूबाईंनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “डोळे गेले माझे. झालं समाधान? बापाला सांगू नकोस. वयापुढे हात टेकले, असं समजू दे त्यांना.”

“कधीपासून?”

“ते काय लिहून ठेवलंय का मी?”

पण ठेवलं होतं. रफूबाईंची एक वही होती. सासऱ्यांनी हे काम शिकवलं तेव्हा पहिली अट घातली होती, प्रत्येक कामाची एक ओळ लिहायची. तारीख, कापड, भोकाचे उभे धागे, आडवे धागे, आणि काम बिघडल्यामुळे उसवून परत करावं लागलं असेल तर शेवटी एक फुली. मोजणीदारने ती वही उचलली आणि जिन्याच्या वळणावर गेली. तास-सव्वातासाने परत आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्याची चोरी पकडल्यासारखा झाला होता.

“आजी, चार महिन्यांआधीची दोन वर्षं घेतली. कामं एकशे ब्याऐंशी, फुल्या सात. नंतरच्या चार महिन्यांत कामं एकतीस, फुल्या एकोणीस.”

“तेच तर सांगतेय मी.”

“तू ते सांगतच नाहीयेस! डोळे उतरत जातात ना, तेव्हा आकड्यांनाही उतार असतो. वर्षाला तीनच्या चार फुल्या, चारच्या सहा. इथे उताराचं नाव नाही. पायरी आहे. एका तारखेपर्यंत सगळं बरोबर, आणि पुढच्या पहिल्याच कामापासून घोळ.”

“मग त्याच दिवशी गेले असतील.”

“आणि डॉक्टरांना सापडले नाहीत?” ती उठली. “चल, गच्चीवर चल.”

“वेडी आहेस का, काम पडलंय...”

“मोजायचंच काम आहे.”

रफूबाईंच्या डब्यात सासऱ्यांच्या वेळची एक पितळी चौकट होती. मधे बरोबर एक इंचाचं चौकोनी भोक. कापडावर ठेवायची आणि आत दिसतील ते धागे मोजायचे. मोजणीदारने ती घेतली, खालच्या शिंप्याकडून पाच-सहा चिंध्या आणल्या. घरातलं कापड तिने नको म्हटलं. “ते तुला पाठ आहे. डोळे थकले की तू आठवणीतून आकडा सांगशील.”

“म्हणजे मी लबाड?”

“सगळेच लबाड असतात, आजी. म्हणून तर मोजतात.”

आधी खिडकीशी. राखाडी चिंधी, चौकट, सुईचं टोक. एक्कावन्न. पुन्हा : अठ्ठावन्न. पुन्हा : त्रेपन्न. मग बेचाळीस पायऱ्या चढून दोघी गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत रफूबाई उलट्या बादलीवर बसल्या. तीच चिंधी. छप्पन. छप्पन. छप्पन.

मोजणीदारने खिशातून पांढरा कागद काढला, चौकटीच्या कडांनी चिंधीवर खडूच्या खुणा केल्या आणि तेवढ्यातले धागे एकेक करून उसवून कागदावर ओळीने मांडले. वाऱ्याने दोन उडाले; ते तिने रांगत जाऊन शोधून आणले. छप्पन झाले.

रफूबाई त्या धाग्यांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसला, तो मळला नव्हता तरीही.

“डोळे शाबूत आहेत तुझे,” मोजणीदार म्हणाली. “बिघाड खाली आहे. आता हे सांग. पायरी जिथे आहे तिथे वहीत आठ दिवस कामच नाही. तुझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘खिडकी बंद. धूळ.’ कसली धूळ?”

“समोरच्या गोदामाची. भिंत खरवडली ना त्यांनी रंगवायच्या आधी. परांची बांधून माणसं लटकत होती आठ दिवस, आठवत नाही का तुला? सगळं घर...”

रफूबाई बोलता बोलता थांबल्या.

खाली उतरून दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. गल्ली अकरा फूट रुंद, आणि पलीकडे गोदामाची मागची भिंत, जमिनीपासून वरपर्यंत शिशासारख्या गडद राखाडी रंगाची. खिडकी उत्तरेची. तिच्यात सूर्य कधीच येत नसे. तो यायचा समोरच्या भिंतीवर, आणि भिंत त्याला परतवून, निववून, बिनसावलीचा करून खिडकीत पाठवायची.

“चुन्याची पांढरी होती,” रफूबाई हळूच म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षं तिच्या उजेडात बसले आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही एकदा.”

“टेबलावरचा दिवा लावून बघायचा?”

“दिव्याखाली काळं कापड चमकतं आणि सुईची सावली नेमकी टाक्यावर पडते. सासऱ्यांनी तीन दिवे फोडले होते वैतागून.” मग त्यांनी नातीकडे नीट पाहिलं. “मोजणीदार, तुला कळलं ना तू काय केलंस? स्वतःची खोली मोजून घालवलीस.”

“कळलं,” ती म्हणाली. “पण आकडा आल्यावर तो गिळायचा कसा?”

रफूबाईंनी चपला घातल्या आणि तडक लाँड्री गाठली. निळा कोट परत हवा होता. लाँड्रीवाला तीस वर्षं त्यांच्याकडे काम पाठवत होता. त्याने असलं काही ऐकलं नव्हतं.

“अहो बाई, गिऱ्हाईक खूश, मी खूश. तुम्ही कशाला खाजवून खरूज काढताय?”

“एक धागा चुकलाय.”

“कुणाला दिसतोय?”

“मला.”

कोटाचे मालक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक निघाले. निरोप पोचताच ते कोट अंगात घालूनच लाँड्रीत आले. खांदा उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला, चष्मा लावून आणि चष्मा काढून पाहिलं. “बाई, मी छत्तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या. मला इथे काहीच सापडत नाही.”

“तुम्हाला सापडली असती तर मी दुकान कधीच बंद केलं असतं,” रफूबाई म्हणाल्या. “काढा कोट.”

मुख्याध्यापकांनी सांगितलेलं ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा कोट काढून दिला.

आता कोट हातात होता आणि उजेड नव्हता. गच्चीवर सुईकाम होणार नव्हतं. वारा धागा टिकू देत नव्हता. संध्याकाळी मोजणीदारने आईबापांसमोर सगळं मांडलं, वहीतली पायरी, गच्चीवरचे धागे, भिंत. मुलगा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “आई, म्हणजे तू हो म्हणालीस ते काम सुटलं म्हणून?”

“मग काय, फिरायला जायचं म्हणून?”

“मला वाटलं तुलाच हवंय आता.” त्याने वही मिटून आईच्या हातात दिली. “ठीक आहे. रविवारी त्यांना नाही म्हणून सांगतो. तोवर गोदामवाल्याला भेटून भिंतीचं काय होतं बघू.”

 सुनेने डबा भरला, पिशवी खांद्याला लावली आणि ती रात्रपाळीला गेली.

दुसऱ्या दिवशी ती आठला आली नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. दहाच्या सुमारास रफूबाईंना समोरून हाक ऐकू आली. “आई! खिडकी पूर्ण उघडा!”

गोदामाच्या गच्चीवर सून उभी होती, अजून इस्पितळाच्याच कपड्यांत. बाजूला गोदामाचा मुकादम, गाल खाजवत. त्याच्या भाजलेल्या हाताला महिनाभर सुनेने पट्ट्या बांधल्या होत्या, तेव्हा “सिस्टर” म्हणेल ते त्याला ऐकणं भाग होतं. भिंत पुन्हा पांढरी करणं त्याच्या हातात नव्हतं. कंपनीच्या सगळ्या गोदामांना तोच रंग, वरून हुकूम. पण कठड्यावरून काही सोडायला हुकूम लागत नव्हता. सुनेने एक पांढरी चादर उलगडली आणि खाली सोडली. खालच्या दोन कोपऱ्यांना सलाइनच्या रिकाम्या बाटल्या पाणी भरून बांधल्या होत्या. चादर सरसरत उतरली, एकदा फुगली आणि भिंतीवर सपाट बसली.

खोलीतला उजेड बदलला. रफूबाईंना तो दिसण्याआधी हातांवर जाणवला.

“जमतंय का?” सून ओरडली.

“ओरडू नकोस, लोक झोपलेत रात्रपाळीचे!” रफूबाई ओरडल्या, आणि मुकादम मोठ्याने हसला.

सून घरी येऊन झोपली. रफूबाईंनी निळा कोट फळीवर घेतला, डावं कोपर खळग्यात टेकवलं आणि खांद्यावरची स्वतःचीच वीण धागा धागा उसवायला सुरुवात केली. अकरा ते पावणेतीन. एकदाही दुसऱ्यांदा मोजावं लागलं नाही. शेवटचा टाका आत घेऊन त्यांनी पाठ ताणली, मान वर केली आणि पहिल्यांदाच समोर नीट पाहिलं.

चादरीवर घड्यांच्या रेषा होत्या. दुकानातल्या घड्या, कडक, एकदाही न धुतलेल्या कापडाच्या. चारी कडांना बारीक पांढरी वेल विणलेली होती. या घरात असली चादर नव्हती. इथे पलंगावर फक्त गडद रंग, कारण पलंगावरच जेवणं व्हायची, अभ्यास व्हायचा, इस्त्री व्हायची.

सून उठून चहा टाकत होती तेव्हा त्यांनी विचारलं, “ती चादर नव्या घरासाठी घेतली होतीस ना?”

सुनेने भांड्यावरून नजर उचलली नाही. “चादरच आहे, आई.”

“कधी घेतलीस?”

“झालं एक वर्ष. पिशवीतच होती.” मग जरा हसून, “दार लावून, पांढरी चादर घालून, दुपारी तीनपर्यंत झोपायचं असं ठरवलं होतं. राहू द्या. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी कात्री फलालीनवर ठेवताय. मला काय माहीत नाही का ते?”

 रफूबाईंनी चहा घेतला. पूर्ण पेला संपेपर्यंत त्या भिंतीकडे बघत होत्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, “उद्या मला घर बघायचंय. सकाळी अकराच्या आत तिथे पोचायचं.”

“आई, आता कशाला? नाही म्हणायचं ठरलंय ना?”

“तुझं ठरलंय. मी फक्त एकदा हो म्हटलं आणि तेही खोटं. आता खरं बोलायचंय तर बघायला नको?”

चौघं शेवटच्या थांब्यावर उतरली तेव्हा साडेदहा वाजले होते. एक तास दहा मिनिटं. मुलाने घड्याळ न बघता सांगितलं, ते वेळापत्रक त्यानेच आखलेलं होतं. घर मोठं होतं हे कुणी सांगावं लागलं नाही. बोललेलं परत ऐकू येत होतं. मोजणीदारने प्रत्येक खोलीत शिरून आतून दार लावून उघडून पाहिलं. सुनेने एकच दार लावलं आणि त्याच्याआड जरा वेळ उभी राहिली.

दर्शनी खोली सगळ्यांनी मनातून आजीला देऊन टाकलेली होती. दोन खिडक्या, दक्षिणेच्या, माणसाएवढ्या उंच. रफूबाई तिथे मांडी घालून बसल्या, पिशवीतून चौकट काढली. मोजणीदारने नवी चिंधी दिली. जमिनीवर उन्हाचा लखलखाट होता. धाग्यांवर धाग्यांच्याच सावल्या पडत होत्या. सेहेचाळीस. त्रेपन्न. पन्नास.

“एवढा उजेड, तरी?” मुलगा म्हणाला.

“उजेड खूप आहे. खूप आहे हीच तर अडचण.”

दिवाणखान्यात तसंच. स्वयंपाकघरात झाडाची सावली हलत होती. कपडे धुवायच्या जागेला लागून एक अडगळीची खोली होती, सहा फूट बाय आठ. तिला एकच खिडकी, उत्तरेची. समोर दहा फुटांवर आवाराची विटांची भिंत, उन्हात लाल झालेली. रफूबाई खिडकीशी बसल्या. चिंधी नवी. एकोणसाठ. चौसष्ट. साठ.

 मुलाने खिशातून किल्ल्या काढल्या, परत निघायच्या बेताने.

“सूनबाई,” रफूबाईंनी पिशवीतून चादर काढली. सकाळी त्यांनी मुकादमाकडून ती सोडवून आणली होती, बाटल्यांसकट. “ही बांध तेवढी त्या भिंतीवर.”

सून जागची हलली नाही. “आई, माझ्यासाठी म्हणून काही करू नका. तिकडे छान चाललंय तुमचं. तुमची गल्ली आहे, लाँड्री आहे.”

“लाँड्री कुठे पळून जातेय?” मुलगा मधेच म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यालाच उमगल्यासारखा पुढे बोलला, “साडेआठची गाडी लाँड्रीच्या दारावरून जाते. मी रोज त्याच गाडीनं जाणार, त्याच रस्त्यानं येणार. कोट न्यायचे-आणायचे काम माझं.”

“तू कोट सांभाळणार? छत्र्या किती हरवल्यास आजवर?”

“अकरा,” मोजणीदार म्हणाली.

“बांध गं,” रफूबाई सुनेला म्हणाल्या. “मी अजून हो म्हटलेलं नाही. मोजून सांगते.”

सुनेने भिंतीवर चढून चादरीची वरची टोकं दोन विटांखाली दाबली. बाटल्या खाली लोंबू लागल्या. मोजणीदारने पिशवीत हात घालून, न बघता, एक चिंधी काढून दिली. काळी, बारीक विणीची, सगळ्यांत अवघड. रफूबाईंनी डावं कोपर खिडकीच्या फळीवर टेकवलं. फळी सपाट होती, कोपर घसरलं. त्यांनी ते पुन्हा टेकवलं आणि सुईचं टोक डाव्या कडेला लावलं.

बासष्ट. बासष्ट. बासष्ट.

मोजणीदार जमिनीवर बसली, खुणा केल्या, आणि धागे उसवायला लागली. मुलगा वाकून बघत होता. सून दारात उभी होती, हातांना विटांची लाल धूळ. कागदावर धाग्यांची ओळ लांबत गेली. पन्नासनंतर चौघंही मनात मोजत होती. बासष्ट झाले.

“दर्शनी खोली मोजणीदाराला,” रफूबाई म्हणाल्या. “ही माझी. आणि सूनबाई, दुसरी चादर घे. ही काही आता मिळायची नाही तुला.”

सात आठवड्यांनी जुन्या घरातलं शेवटचं सामान खाली गेलं. सकाळी निळा कोट अंगात घालून मुख्याध्यापक येऊन गेले होते. लाँड्रीवाला येऊन, “आता जादूला एक तास दहा मिनिटं लागणार,” म्हणून गेला होता. मुकादमाने गच्चीवरून हात केला. रफूबाई त्या दोनशे ऐंशी चौरस फुटांत एकदा उभ्या राहिल्या, पडद्याची दोरी सोडवून सुनेच्या हाती दिली आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हाताने जिना उतरल्या.

मोजणीदार मागे राहिली होती. तिने खिडकीच्या फळीवर पोलादी पट्टी आडवी धरली, खळग्याच्या बरोबर मधे दुसरी पट्टी उभी टेकवली आणि वाकून वाचलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. आजीच्या वहीच्या नव्या पानावर तिने तारीख घातली. कापडाच्या रकान्यात लिहिलं, ‘लाकूड’. त्यापुढे आकडा.

चार मिलिमीटर.